गोदामवालीचा ताप

मेघाली, तू आता फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, 'ईऽऽ' करू नकोस, आणि चहा गार झाला तरी मला थांबवू नकोस. ही गोष्ट गोचिडांची आहे आणि मी तुला चांगली ओळखते.

आपली अदिती. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतली, प्रभाकरकाकांची. ती जनावरांची डॉक्टर झाली हे तुला माहितीये, पण आता ती करते काय, ते नाही माहीत. बाकीचे डॉक्टर गाईच्या अंगावरचे गोचीड काढून फेकतात, ही ते काढून घरी आणते! गोचिडांवरच संशोधन चाललंय तिचं, गोचीड आणि त्यांच्यातून गुरांना होणारे आजार. देवघराखालच्या कपाटात काचेच्या नळ्या, तोंडाला मलमलीचा तुकडा आणि वर रबर. का तर म्हणे तिथे अंधार आहे आणि हवा दमट राहते. प्रभाकरकाका एकदा वाती काढायला बसले आणि हाताला नळी लागली. आत वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी मादी आणि तिच्या तोंडाशी तपकिरी अंड्यांचा ढीग. काकांनी नळी होती तिथे ठेवली. त्या दिवसापासून वाती फक्त स्वयंपाकघरात ठेवतात.

आता हे ऐक, हे भारी आहे. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय सहाच, पुढे मोठं झालं की आठ. आणि गुरांना एक आजार होतो, लाल लघवीचा. रक्तात एक बारीक जीव शिरतो, तांबड्या पेशी फोडत सुटतो, गाईला ताप चढतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते, मग कॉफीच्या. तो जीव गोचिडाच्या मादीकडून अंड्यात उतरतो, अंड्यातून पिल्लात. म्हणजे ज्या पिल्लानं जन्मात कुणाला चावलेलं नाही, तेसुद्धा आजार घेऊनच बाहेर येतं! आईकडून! अदितीनं मला हे सांगितलं तेव्हा मी हातातला वडापाव खाली ठेवला.

तर तिचं काम चाललं होतं अंबाडी गावाच्या पुढे, आत डोंगराच्या पायथ्याला. मूठभर घरांचा पाडा आहे. तिथे जान्याकाका आणि भागीमावशी, नवरा-बायको. पावसाळ्यात भात लावतात, बाकी वर्षभर काका वळ गावच्या गोदामांत माल उतरवायला जातात. पाड्यातली सगळी गुरं एकाच माळावर चरतात आणि राखायची पाळी घरोघर फिरते. अदिती भागीमावशीच्या ओटीवर सामान ठेवायची आणि माळावर जायची.

काम कसलं, तर कापड ओढायचं. हसू नकोस, जगभर असंच करतात. पांढऱ्या कापडाला पुढून काठी शिवायची, काठीला दोरी बांधायची आणि दव सुकलं की ते गवतावरून सावकाश ओढत न्यायचं. गोचिडांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून पुढचे पाय पसरून बसलेली असतात, कुणीतरी अंग घासून जाईल याची वाट बघत. कापडाला गाय समजून चिकटतात. थोडं चालायचं, कापड उलटायचं, मोजायचं, पुन्हा चालायचं.

पहिल्याच दिवशी जान्याकाका बांधावरून ओरडले, "कोनाचा मयत वढतेस गो बाय? खांदेकरी बी न्हायत संगती!"

"तुमच्या गोचिडांचा, काका!"

"मंग वढ, वढ! रडाया मी येतो!"

पण गंमत अशी की कापडावर काहीच येईना. एक पिल्लू नाही. या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात नाही, माळाच्या वरच्या अंगाला नाही, ओढ्याकाठी नाही. आणि तिकडे गुरांच्या कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचीडच गोचीड! मग हे चढतात कुठून? तूच सांग. आभाळातून तर पडत नाहीत.

अदितीला झोप लागेना. तिला असं काही कोडं पडलं ना की ती जेवतानाही भिंतीकडे बघते. आणि भिंतीकडे बघता बघताच तिला वाटलं, भिंती! गोठ्याच्या कुडाच्या भिंती! पिल्लं गवतात नसतीलच, भेगांत राहत असतील आणि गुरं घरी आली की चढत असतील. या जातीचे गोचीड असं करतात हे कुणी लिहिलेलंच नाही. ती इतकी खूश झाली की तिनं थेट प्रमोदिनी मॅडमना फोन लावला. या तिच्या मार्गदर्शक, आयुष्यभर गोचीडच बघितलेल्या.

मॅडम म्हणाल्या, "भिंती खरवडून बघितल्यास?"

"बघतेय, मॅडम. अजून मिळालं नाही काही."

"मग इतकी खूश कशाला होतेस? कापड बरोबर आहे ना?"

"पांढरंच आहे, मॅडम."

आता हे 'पांढरंच' लक्षात ठेव. मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, फलालीन घे, मऊ, लव असलेलं. अदिती फलालीन आणायला निघालीही होती. पण वाटेत भावेशचा कारखाना. भावेश तिचा मामेभाऊ, नाक्यावरच कापडाचे लूम आहेत त्याचे. त्यानं विचारलं कुठे चाललीस, हिनं सांगितलं, आणि त्यानं लूमच्या खडखडाटात कपाळावर हात मारला.

"तायडे, पागल है क्या? भिवंडीची पोरगी आणि कापड विकत आणणार? दुकानदार माझ्या तोंडावर हसेल ना! ओ चाचा, एक ताका निकालो इसके लिए, सफेद वाला!"

आणि तिनंही घेतलं! आपण कोणीही घेतलं असतं गं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला कापडासाठी दुकानात जायची लाजच वाटते. लूमवरून नुकतं उतरलेलं, कोरं करकरीत.

बरं. मग आली गाय.

भागीमावशीची मुलगी मनिषा वळला दिलेली. तिच्या सासरच्या अंगणापर्यंत गोदामाचं कंपाउंड आलं आणि गाय बांधायला जागाच उरली नाही. म्हणून मनिषानं ती आईकडे पाठवली, टेम्पोतून. संकरित, काळी-पांढरी, गाभण. जन्मभर एका जागी बांधून पेंढा खाल्लेली, गवतावर पाय ठेवलेला नाही. टेम्पोतून उतरली तर माळाकडे बघून हंबरायलाच लागली, घाबरून. पाड्यानं तिचं नाव ठेवलं 'गोदामवाली'. पोरं तिला चिडवायची, "गोदामवालीला लिफ्ट पायजे! गोदामवालीला पंखा लावा!"

भागीमावशीचा मात्र जीव तिच्यावर. मनिषाच्या घरचं पहिलं जनावर ते, आणि पोटात वासरू. आणि मावशीकडे घरात बांधून घालायला वैरण कुठली? पाड्यात सगळ्यांचं चारणं माळावरच. तिनं अदितीला विचारलं, "बाय, हिला सोडू का वर? नाजूक हाय."

आणि अदिती काय म्हणाली असेल? "सोड मावशी, बिनधास्त. माळ एकदम स्वच्छ आहे. मी कापड फिरवून बघितलंय. फक्त गोठ्याच्या भिंतीपासून लांब बांध."

झालं. गोदामवाली माळावर जायला लागली.

काही दिवसांनी अदिती पुन्हा गेली. भागीमावशीच्या ओटीवर ठेवलेलं कापड जागेवर नव्हतं. बघते तर कुंपणावर वाळत घातलेलं! गवताचे डाग गेलेले, स्वच्छ, मऊ.

"मावशी! हे कुणी धुतलं?"

"मी. किती मळला व्हता तो! ओढ्यावर नेला, राख लावून चोळला. केवढी कांजी सुटली त्याची, पानी पांढरा झाला. तुझी आय काय म्हणंल, पोर असा कापड घेऊन हिंडते."

अदितीचा चेहरा पडला. अगं, संशोधनात असं मध्येच काही बदलायचं नसतं. तीच काठी, तेच कापड, तीच चाल. आता सगळी तुलना गेली! पण मावशीला काय बोलणार, तिनं मायेनं केलेलं. दुसरं कापड नव्हतं म्हणून हिनं तेच घेतलं आणि माळावर गेली. आधी तेच कापड कडक, पापडासारखं गवताच्या शेंड्यांवरून सर्रकन सरकायचं. आज ते गवतात पडत होतं. पात्यापात्याला टेकत, आत वाकत, जड झाल्यासारखं मागे येत होतं.

तिनं ते उलटलं.

कापडावर कुणी बारीक तपकिरी पूड सांडल्यासारखं. आणि मेघाली, ती पूड चालत होती.

ती मला म्हणाली, "खरं सांगते, पहिल्यांदा मी ओरडले. आनंदानं." गवतात गुडघे टेकून बसली, भिंग काढलं. सहा पाय! सगळ्यांना सहा पाय! पिल्लं, गवतातलीच, शेकड्यांनी. मग तिनं सामानात शिल्लक असलेला कोऱ्या कापडाचा तुकडा काढला आणि एका शेंड्यावरून फिरवला. पिल्लांनी पाय पसरले, कापड घासून गेलं, पिल्लं तिथेच! कांजीनं सगळी लव चिकटून बसलेली, नखी रुतवायला धागाच नाही. मग धुतलेल्याचा कोपरा फिरवला आणि अख्खा शेंडा रिकामा. पुन्हा कोरं, पुन्हा धुतलेलं. कोडं सुटलं होतं! भिंती नाही, भेगा नाही, काही नाही. कांजी!

आणि मग बांधाच्या पलीकडून गोदामवाली हंबरली.

अदितीनं भिंग खाली ठेवलं. गावठी गुरांना हा आजार वासरू असतानाच होऊन गेलेला असतो, हलकासा, म्हणून मोठेपणी त्यांना तो नमवत नाही. पण गोदामवालीला कधीच झालेला नाही. मोठ्या जनावराला पहिल्यांदा झाला तर आडवंच करतो. आणि तिला त्या माळावर सोडलं कुणी? अदितीनं.

तिनं गाईच्या कासेखाली हात घातला. बारीक बारीक दाणे हाताला लागले. ओटीवर येऊन तिनं भागीमावशीला सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. "मावशी, माझं कापड खोटं बोललं. माळ स्वच्छ नाही."

"कापड कसा खोटा बोलंल, बाय?" मावशी म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

"मी खोटं बोलले मग. न कळून."

जान्याकाका विडी विझवून बसले. "आता गाय मरंल का, तेवढा सांग."

अदितीनं मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. 'पांढरंच' त्यांनाही आठवलं असणार, पण त्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. आत्ता इंजेक्शन देऊन टाक आणि अंगावरचे गोचीड औषधानं मार. गाय वाचेल. पण तिच्या अंगात ताकद येणार नाही. पुन्हा माळावर गेली की पुन्हा धोका, दरवेळी. किंवा थांब. आजार थोडा येऊ दे, अंगाला ओळख पटू दे, आणि ताप चढायला लागला की त्याच वेळी टोच. मग ती जन्मभर त्या माळावर चरू शकेल. पण त्यात वेळ चुकली तर गाय जाईल. गाभण आहे, वासरूही जाईल."

फोन ठेवल्यावर सगळे अदितीकडे बघायला लागले.

"मावशी, तुझी गाय आहे. तू सांग."

भागीमावशीनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "बांधून घालाया माझ्याकडं वैरन न्हाय. मनिषाला परत देऊ, तर तिकडं जागा न्हाय. मला काय ठावं, बाय? तू सांगशील तसा."

तू सांगशील तसा! मेघाली, याहून भारी ओझं असतं का गं? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अदितीनं ठरवलं, थांबायचं. पण इथेच राहून. आईला फोन करून कपडे मागवले. सकाळ-संध्याकाळ गाईला थर्मामीटर लावायचा. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, निळा रंग चढवायचा आणि बघायचं. तिच्याकडे आरशाचा छोटा सूक्ष्मदर्शक आहे, वीज नसली तरी उन्हावर चालतो. अंगणात पाटावर ठेवलेला. अख्खा पाडा रांग लावून बघायला. जान्याकाकांनी डोळा लावला आणि म्हणाले, "यात तर माझ्याच पापन्या दिसतात!"

रोज काही नाही. ताप नाही, रक्त साफ. गोदामवाली मजेत रवंथ करतेय. पोरं म्हणायची, "डॉक्टरीनबायला लिफ्ट पायजे!"

आणि एका सकाळी तिला ते दिसलं. एका तांबड्या पेशीत दोन थेंब, टोकाला टोक लावलेले, नाशपातीच्या आकाराचे. पुस्तकात बघितलेले, मॅडमच्या जुन्या काचपट्ट्यांवर बघितलेले. पण हे जिवंत गाईतले, आत्ताचे, तिनं स्वतः पहिल्यांदा शोधलेले! तिनं भागीमावशीला हाका मारल्या. मावशीनं खूप वेळ बघितलं. "ही जोडी? हे माझ्या गाईत हायत?"

"हो."

"मंग काढ ना."

इंजेक्शन अदितीच्या पिशवीत होतं. ताप बघितला तर अजून काहीच नाही. मॅडम म्हणाल्या होत्या ताप चढायला लागला की. आत्ता दिलं तर कदाचित लवकर होईल, सगळे दिवस फुकट. तिनं मावशीकडे बघितलं, गाईकडे बघितलं, काचपट्टीकडे बघितलं. आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबू, मावशी."

रंग संपत आला होता म्हणून ती दुपारी अंबाडीला गेली, भावेशनं नाक्यावरून कुणाच्या तरी हाती बाटली पाठवली होती. बाटली यायला उशीर, परतताना शेअर रिक्षा भरेचना, आणि पुढे रस्त्यात कंटेनर आडवा. ती उतरून चालायला लागली, मग पळायला. पाड्याच्या तोंडाशीच जान्याकाका भेटले. या वेळी त्यांनी काही थट्टा केली नाही.

"बसली हाय ती. लाल मुतते."

गोदामवाली अंगणात मान टाकून बसलेली. कान तव्यासारखे गरम. भागीमावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं आणि ओल्या फडक्यानं पुसत होती. ते फडकं म्हणजे अदितीच्याच कापडाचा फाडलेला तुकडा. अदितीनं पिशवीतून सिरिंज काढून भरली आणि मावशीनं गाईची मान घट्ट धरली. इंजेक्शन दिलं. सलाईन लावलं, बाटली आंब्याच्या फांदीला टांगली. मनिषाचा फोन सारखा वाजत होता, "आई, आमची गाय कशी आहे?" आणि मावशी सांगायची, "हाय. बाय बसली हाय जवळ."

गाय उठली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. आधी मागचे पाय, मग थांबली, मग पुढचे. पोटातलं वासरू हललं, ते भागीमावशीनं अदितीचा हात धरून तिला दाखवलं.

आता ती माळावर चरते. ताप नाही, काही नाही. वाघबारशीला, गुरांच्या सणाला, पाड्याची सगळी गुरं वर नेली, तेव्हा सगळ्यांत पुढे हीच होती. जान्याकाका म्हणाले, "आता कोन तिला गोदामवाली म्हनंल तर बगा! ती आता माळाची झाली." आणि अदितीनं मॅडमना कांजीचं सगळं लिहून पाठवलं, भिंतींच्या अंदाजाचं वहीतलं पान फाडून टाकलं आणि भावेशला सांगितलं की तुझं कापड गोचिडांनासुद्धा पसंत नाही. तो महिनाभर बोलत नव्हता.

पण अदिती अजून शांत नाही. काल माझ्याकडे आली होती, म्हणाली, "ते दोन थेंब दिसले त्या सकाळी मी थांबले ना, ते गाईसाठी थांबले की पुढची काचपट्टी कशी दिसते ते बघायला, हे मला अजून सांगता येत नाही. गाय वाचली म्हणून कुणी विचारत नाही."

म्हणून तुला विचारते. तू असतीस तिथे, अंगणात, इंजेक्शन पिशवीत, समोर मावशी म्हणतेय 'मंग काढ ना', गाय मजेत रवंथ करतेय, आणि भिंगाखाली ती जोडी. तू त्या सकाळी काय केलं असतंस, मेघाली?